मालकांचे जपानी मासे

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्या मालकांपर्यंत ती बातमी पुरती पोचली नव्हती. सरकारी कागद आला होता, त्यावर त्यांची सही होती. गावचा तलाव, पडीत जमीन, मोहाची झाडं, सगळं सरकारजमा झालं होतं. तरी मालक सकाळी ओसरीवर येऊन बसत आणि समोरून जाणारा माणूस थांबून रामराम करतो की नाही ते बघत. माणसंही थांबत. कायदा एका दिवसात झाला होता, मानेला मात्र तेवढी घाई नव्हती.

मी त्या गावात मास्तर होतो. गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं. पगार जनपद सभेचा, पण शाळा भरायची मालकांच्या धानाच्या कोठारात आणि शाळा समितीचे अध्यक्षही मालकच. त्यामुळे मला दोन साहेब होते, आणि त्यातला एकच रोज दिसायचा. मालकांची पत्रं लिहिणं, त्यांना आलेली वाचून दाखवणं, तार आली तर तिचा अर्थ लावणं, ही कामं माझ्या नेमणुकीच्या हुकमात नव्हती. पण ती टाळली की कोठारात अचानक धान यायचं आणि शाळेला झाडाखाली जावं लागायचं.

त्या वर्षी शेजारच्या गावच्या मालगुजाराने रेडिओ आणला. त्यातून बहुतेक वेळ कढईत भजी सोडल्यासारखा आवाज यायचा, पण तो आवाज ऐकायला चार गावची माणसं जात. आमचे मालकही एकदा गेले. परत आल्यावर दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ते तलावाच्या दाव्यासाठी नागपूरला वकिलाकडे गेले. दाव्यात आता काही उरलेलं नाही, असं वकिलाने सांगितलं. पण वकिलाच्या दिवाणखान्यात काचेची पेटी होती आणि तिच्यात झालरीसारख्या शेपट्यांचे सोनेरी मासे फिरत होते. हे मासे जपानहून बोटीने कलकत्त्याला येतात आणि तिथून रेल्वेने मागवता येतात, ही माहितीही वकिलानेच दिली. मालक तलाव सोडवायला गेले होते, ते माशांचा बेत घेऊन परतले.

"मास्तर," ते मला म्हणाले, "रेडिओ काय, उद्या कोनीबी आनन. आपल्याले जपानचे मासे पायजेत."

त्यांच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. त्याला कारंजंही होतं. गड्याने माडीवर चढून टाकीत पाणी ओतलं की ते उडायचं आणि गडी दमला की थांबायचं. ज्या माणसाच्या मालकीचा तलाव सकाळी निघून दुपारपर्यंत फिरून होत नसे, तो आता या हौदाच्या काठावर उभा राहून लांबी-रुंदी मोजून घेत होता. मी कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. दोन डझन मासे, उत्तम जातीचे, सत्वर पाठवावेत.

व्यापाऱ्याने ते खरोखरच सत्वर पाठवले. मूलच्या स्टेशनवर पार्सल उतरल्याची तार आली त्या दिवशी चतुर्दशी होती. दुसऱ्या दिवशी अमावस्या. अमावस्येला घरात नवा जीव आणू नये, असं मालकीणबाईंचं मत पडलं, आणि मालकांनी ते तात्काळ मानलं, कारण त्यांना पाहुणे जमवायला वेळ हवाच होता. मी म्हणालो की मासे डब्यात आहेत, त्यांना तिथी कळणार नाही. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कोठारातलं धान दिसू लागलं.

प्रतिपदेला गाडी गेली आणि द्वितीयेला डबे आले. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. रेडिओवाले मालगुजार मुद्दाम बोलावले होते, त्यांना पुढची जागा दिली होती. दोन मोठे पत्र्याचे डबे, झाकणं घट्ट बसवलेली. मालकांनी स्वतः पहिलं झाकण उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी एकदम नाकाला उपरणं लावलं.

चोवीसच्या चोवीस मेले होते. रंग मात्र खरंच छान होता.

रेडिओवाले मालगुजार चहा न घेता उठले. जाताना म्हणाले, "जपान लय दूर हाय म्हना." एवढंच. मालकांना ते महिनाभर पुरलं.

मेलेले मासे उचलायला ढीवरपुऱ्यातून एका म्हाताऱ्याला बोलावलं. तलावात मासे धरणारी ढीवरांची पंधरा-वीस घरं गावात होती, त्यातला हा सगळ्यांत जाणता. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. तो डब्याजवळ बसला, एक मासा तळहातावर घेऊन त्याचे कल्ले उघडून पाहिले, पाण्याचा वास घेतला.

"हे रस्त्यात नाई मेले, मालक," तो म्हणाला. "काल-परवा मेले. पान्यातली हवा सरली. एका डब्यात बारा, वरून झाकन दाबून. तुमाले असं कोंडलं असतं तं तुमीबी मेले असते."

कोणी मालकांना असं उदाहरण दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मालक डब्यावर वाकले.

"पान्यात हवा असते काय?"

"असते ना. नाई तं मासे काय खाऊन जगते?"

"तू आनशील काय जिते?"

भाऊने हातातला मासा खाली ठेवला. "मी काय, कोनीबी आनन. कोनी सोबत राह्यलं पायजे. थे पेटारा नाई, जीव हाय."

अशी आमची कलकत्त्याची स्वारी ठरली. माझ्या रजेच्या अर्जावर अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने 'शैक्षणिक कामासाठी' असं लिहिलं. पौष महिना होता, थंडी चांगली पडली होती. थंडीच बरी, भाऊ म्हणाला, उन्हाळ्यात पाणी लवकर मरतं. पाणीही मरतं, हे मला नवीन होतं. पुढच्या पंधरा दिवसांत मला नवीन असलेल्या गोष्टी इतक्या निघाल्या की आपण मॅट्रिक कसे झालो, असा प्रश्न पडला.

कलकत्त्याचा व्यापारी जाडा, हसरा आणि आमच्याकडे बघून पहिल्याच क्षणी निश्चिंत झालेला माणूस होता. दुकानात पिंजऱ्यांत पक्षी, मागच्या बाजूला लाकडी टबांत मासे. नुकतीच बोट आली होती. एक धोतरवाला मास्तर आणि एक अनवाणी म्हातारा हे गिऱ्हाईक पाहून त्याने कोपऱ्यातला टब पुढे ओढला.

भाऊ उकिडवा बसला. किती वेळ बसला असेल, व्यापाऱ्याची सुपारी संपली तरी हा नुसता पाण्यात बघत होता. मग त्याने एकेक मासा बोटाने दाखवायला सुरुवात केली.

"हा नाई. याच्या अंगावर पांढरे दाने आले. हा नाई, याचा पंख दबून हाय. हा निजून राह्यला, याले काही तरी होत असन. मास्तर, त्याले सांगा, हा टब बिमार हाय."

मी शुद्ध हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. व्यापाऱ्याला सगळं कळलं होतं. त्याने तो टब परत मागे सारला, आतल्या खोलीतला दुसरा आणवला आणि भाऊसाठी चहा मागवला. माझ्यासाठी नंतर आठवण झाली तेव्हा मागवला. त्यानंतर दोघं तासभर बोलत होते. एकाची बंगाली हिंदी, दुसऱ्याची झाडीपट्टीची बोली. मध्ये दुभाषी म्हणून मी बसलो होतो आणि माझ्याकडे कोणी वळूनही बघत नव्हतं.

टबात एक काळा मासा होता, डोळे कैरीच्या कोयीसारखे बाहेर आलेले. भाऊने त्याला बराच वेळ पाहिलं.

"याले दिसते काय?"

"कम दिखता है, बाबा," व्यापारी म्हणाला.

"मंग हा जगते कसा?"

"टाइम पर खाना मिलता है. जीता है."

भाऊने मान हलवली आणि माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे म्हणाला, "घ्या हा. मालकाले आवडन."

वीस मासे निवडले. व्यापारी दोन डब्यांत बसवायला निघाला, भाऊ पाच डब्यांवर अडून बसला. एका डब्यात चार, पाणी अर्ध्याहून थोडं वर, उरलेल्यात हवा, झाकणाला भोकं. वरून ओलं गोणपाट. आणि दोन दिवस माशांना काही खायला घालायचं नाही. हे ऐकून मला वाईट वाटलं. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्यांना उपाशी न्यायचं बरं दिसत नाही, असं मी म्हणालो.

"खाल्लं का हागन, मास्तर," भाऊ म्हणाला. "आन् मंग त्याच पान्यात नाक घालून बसन. तुमी बसाल काय?"

दोन दिवस आम्ही व्यापाऱ्याच्या दुकानामागे राहिलो आणि मासे उपाशी ठेवले. तिसऱ्या दिवशी हावड्याहून तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलो. पार्सलच्या डब्यात टाकायला भाऊ तयार नव्हता, म्हणून पाचही डबे आमच्या पायांशी. मी बाकड्यावर मांडी घालून, भाऊ खाली, डब्यांच्या मध्ये. त्याने झाकण सरकवून, कोपर बाहेर ठेवून मनगट पाण्यात सोडलं आणि ढवळायला सुरुवात केली. जोरात नाही. तान्ह्या पोराला थोपटावं तसं. थोडा वेळ एका डब्यात, मग दुसऱ्यात. पाच झाले की पुन्हा पहिला.

"असं कुठपर्यंत करायचं?" मी विचारलं.

"घर येईपर्यंत."

मला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

पाळी लावून घेतली. माझी पहिली पाळी सुरू झाली आणि भाऊने डोळे मिटले, आणि लगेच उघडले. "मास्तर, फोडनी परतून राह्यले काय? हात माशाले लागू देऊ नका. त्याच्या अंगावरचं बुळबुळीत गेलं का थे सडते." मग त्याने माझं मनगट धरून मला ढवळायला शिकवलं. मी रोज चाळीस पोरांचा हात धरून अक्षरं गिरवून घेत असे. आपला हात कोणी धरला की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

तिकीट तपासनीस आला. डब्यांकडे बोट करून म्हणाला, "क्या है?"

"मछली."

"खाने का?"

"देखने का," मी म्हणालो.

त्याने वाकून झाकणाच्या भोकातून पाहिलं, भाऊच्या पाण्यातल्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पुस्तकात या वर्गाच्या माणसांसाठी काही नियम नसावा. तो पुढे गेला. समोरचं एक बंगाली कुटुंब मात्र कलकत्त्यापासून दुःखात होतं. एवढे मासे आणि एकही शिजवायचा नाही, हे त्यातल्या म्हाताऱ्या आजोबांना पटत नव्हतं. उतरताना त्यांनी मला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

पाणी बदलणं हा दुसरा वैताग. एका मोठ्या स्टेशनवर मी धावत जाऊन नळाची बादली भरून आणली. भाऊने ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि खिडकीतून ओतून दिलं. "दवाईचा वास हाय. विहिरीचं पायजे." पुढच्या स्टेशनबाहेर विहीर होती. मी धोतर खोचून पळालो, शेंदलं, आणि परत येतो तर गाडी हललेली. बादली घेऊन पळणारा माणूस बघून फलाटावरच्या सगळ्यांनी रस्ता दिला. कुठे आग लागली असेल, असंच त्यांना वाटलं असावं. शेवटी एका हमालाने बादली आत ढकलली आणि मला मागून. अर्धं पाणी माझ्या अंगावर होतं. भाऊने उरलेलं चाखलं, म्हणाला, "हे चांगलं हाय," आणि तेही एकदम न ओतता वाटीवाटीने घालत बसला. माझं धोतर सुकेपर्यंत त्याने फक्त माशांची विचारपूस केली.

एक मासा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. भाऊने त्याला बाहेर काढून फडक्यात गुंडाळला, मग त्या डब्यातलं पाणी सगळ्यात आधी बदललं. त्याच्या हाताची कातडी एव्हाना पांढरी पडून सुरकुतली होती. मी म्हणालो, जरा वेळ पड, मी करतो. तो म्हणाला, तुमी करून राह्यलेच ना. पण त्याने हात काढला नाही.

गाडी बदलून छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी हळू चालायची की माणसं खाली उतरून, विडी ओढून पुन्हा चढत. हादरे मात्र असे द्यायची की दात वाजायचे. मी वैतागलो होतो. भाऊचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "ही गाडी माशाईच्या कामाची हाय," तो म्हणाला. "सोताच ढवळते." आणि त्याने दोन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

मूलहून मोटारीने सावली गावाकडे निघालो. ड्रायव्हर डबे टपावर टाका म्हणाला. भाऊ म्हणाला, मंग मलेबी टपावर टाका. ड्रायव्हरने दोघांनाही आत घेतलं. वैनगंगेच्या काठी उतरून डोंग्यात बसलो, तेव्हा भाऊने नदीचं पाणी ओंजळीने प्रत्येक डब्यात थोडं थोडं सोडलं. "आता यायले आपलं पानी ओळखू द्या," तो म्हणाला. पलीकडे धानाचं तणस पसरलेली बैलगाडी उभी होती.

वीसपैकी अठरा जिवंत पोचले. दुसरा वाटेत गाडीचं चाक खड्ड्यात गेलं तेव्हा गेला.

अंगणात पुन्हा सतरंज्या होत्या, पुन्हा रेडिओवाले मालगुजार होते. यावेळी ते मागे बसले होते, वाऱ्याच्या बाजूला. मालकांनी बाह्या वर केल्या आणि पहिला डबा उचलून हौदात ओतायला निघाले.

"नाई, मालक," भाऊ म्हणाला. "डबे असेच पान्यात ठेवायचे. डब्यातलं आन् हौदातलं पानी सारखं होऊ द्या."

"किती वेळ?"

"ऊन डोक्यावर येऊ द्या."

पाहुणे आले होते, फराळ मांडला होता. आयुष्यात पहिल्यांदा मालक आपल्याच अंगणात, एका ढीवराच्या सांगण्यावरून, ऊन डोक्यावर येण्याची वाट बघत बसले. मी मुद्दाम त्यांच्या समोर बसलो होतो. त्या देखाव्यात कलकत्त्याचं भाडं वसूल झालं, असं मला तरी वाटलं.

मासे सुटले आणि हौदभर पसरले. सोनेरी, पांढरे-तांबडे, आणि तो काळा, डोळे बाहेर काढून काठाकाठाने धडपडणारा. रेडिओवाले मालगुजार उठून पुढे आले. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "हे गाते काय?" सगळे हसले, मालकही हसले, पण त्यांची त्या दिवसाची तृप्ती कोणी हिरावू शकलं नाही. जपानी लोक मासे कसे पाठवतात, किती शिस्तीचे असतात, यावर ते जेवणभर बोलले. भाऊ तेव्हा मागच्या दाराशी पांढऱ्या पडलेल्या हाताला तेल चोळत बसला होता.

हिवाळा माशांना मानवला. होळीनंतर ऊन चढलं. हौद उघड्या अंगणात, सिमेंट तापलेलं. दुपारी पाण्यात हात घातला तर आंघोळीला काढल्यासारखं वाटे. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायला लागले. मालकांनी कारंजं लावलं, एका गड्याला दिवसभर माडीवर ठेवलं. मासे अठराचे चौदा झाले, चौदाचे अकरा. गडीही तापाने पडला.

भाऊने उपाय सांगितला. तलावाच्या खोल कोपऱ्यात, झाडाच्या सावलीखाली, बांबूची ताटी विणून पिंजरा बुडवायचा. मासे पाऊस पडेपर्यंत तिथे ठेवायचे.

"तलावात?" मालक म्हणाले.

तलाव सरकारचा होता. त्यात काही ठेवायचं तर अर्ज करावा लागणार, असं मालकांनी स्वतःच ठरवलं. दुसरा कोणी असता तर गुपचूप पिंजरा बुडवला असता. पण चोरून ठेवायचं तेही आपल्याच बापाने बांधलेल्या तलावात, हे त्यांना सहन होईना. मी कागद घेऊन बसलो. ते सांगायला लागले: "कळविण्यात येते की..."

"अर्जात कळवत नाहीत, मालक," मी म्हणालो.

"मंग काय करते?"

"विनंती."

ते उठले, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. त्या दिवशी अर्ज झाला नाही. दुसऱ्या दिवशी एक मासा मेला. तिसऱ्या दिवशी ते आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा विनंती." खाली 'आपला आज्ञाधारक' लिहिताना मी जरा रेंगाळलो. खोटं कशाला सांगू, त्यात मला सुख होतं. पण त्यांनी सही करताना टाक इतका दाबला की टोक वाकडं झालं, आणि तेव्हा मात्र मला माझ्याच सुखाची थोडी लाज वाटली.

अर्ज गेला. उत्तर आलं नाही. आणखी एक मासा गेला.

एके दिवशी दुपारी मालक झोपले असताना मालकीणबाईंनी भाऊच्या बायकोला हाक मारली. या बाईंनी अमावस्या काढली होती, हे मी विसरलो नव्हतो. पण त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुमचा पिंजरा झाला काय विनून?" पिंजरा केव्हाच झाला होता. भाऊ आणि त्याच्या बायकोने नऊ मासे दोन मडक्यांत घातले आणि तलावाकडे नेले.

मालक उठले. हौद रिकामा. कोणी काही सांगायच्या आत ते छत्री घेऊन निघाले. मी मागे. तलाव सरकारजमा झाल्यापासून ते तिकडे फिरकलेच नव्हते. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढताना त्यांना धाप लागली, तरी थांबले नाहीत. खाली सावलीत भाऊ छातीइतक्या पाण्यात उभा होता, दोन्ही हात बुडवून, पिंजऱ्याचा दोर खुंट्याला बांधत.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. मालक पाळीवर उभे राहून नुसते पाण्याकडे बघत होते. सगळ्या तलावाकडे. मग त्यांनी विचारलं, "किती हाय?"

"नऊ, मालक."

"पानी गार हाय काय?"

"वरचं कोमट हाय. खाली गार हाय."

मालकांनी छत्री माझ्याकडे दिली, जोडे काढले आणि खाली उतरून घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले. बराच वेळ. भाऊनेही आपलं काम थांबवलं नाही. छत्री घेऊन पाळीवर उभा असलेला मास्तर किती हास्यास्पद दिसत असेल, याची जाणीव मला एकट्यालाच होती.

त्या उन्हाळ्यात मालक रोज सकाळी तलावावर जाऊ लागले. ढीवरांची सोसायटी करून तलाव ठेक्याने घ्यायची खटपट तेव्हा चालू होती. ही घरं या तलावात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरतात, असा पुरावा कचेरीला हवा होता. तसा एक जुना कागद मालकांच्या पेटीत होता आणि दोन वर्षं तो सापडत नव्हता. मृगाच्या आधी तो सापडला. मालकांचं मन पालटलं, असा अर्थ कोणी काढू नये. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पेटीत जागा अडवून बसला होता." त्यांनी तो भाऊच्या हातात न देता माझ्या हातात दिला, आणि मी भाऊला. एवढा मान त्यांनी राखून ठेवला.

अर्जाचं उत्तर भर पावसाळ्यात आलं. सदर मासे खाण्याचे आहेत किंवा कसे, त्यायोगे अर्जदार तलावावर काही हक्क सांगू इच्छितो किंवा कसे, याचा खुलासा तीन प्रतींत करावा. तोवर सात मासे हौदात परत आले होते. मी खुलासा लिहून दिला: खाण्याचे नाहीत, हक्क नाही. मालकांनी तीनही प्रतींवर सही केली आणि कारंज्याची टाकी काढून टाकायला गड्याला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात अर्ज कोणी केला नाही. पिंजरा होळीच्या दुसऱ्या दिवशी आपोआप पाण्यात गेला. त्याच पावसाळ्यात माझी बदली सिरोंच्याच्या अंगाला झाली. निघालो तेव्हा पाच मासे होते. काळा नव्हता. त्याला अंगणातलं मांजर घेऊन गेलं होतं. दिसलं नसावं त्याला.